वाचकांचे प्रश्न : जेरीमँडरिंगवाला गेरी स्वतःच कसा काय पडला?

मागच्या वेळी प्रभाग रचनेवर लिहिता लिहिता मी "जेरीमँडरिंग" (म्हणजे आपला पक्ष जिंकावा म्हणून मतदारसंघाच्या हद्दी हव्या तशा वाकवणं) हा शब्द टाकून पुढे निघून गेलो आणि कंसात एवढंच लिहिलं की अमेरिकेतल्या ज्या गव्हर्नरच्या नावावरून हा शब्द आला तो लगेचच्या निवडणुकीत पडला. झालं. व्हॉट्सॲपवर, पत्रांतून, एकदा तर भाजी घेताना भद्रकालीत लोकांनी गाठलं, की असं अर्धवट सांगून पळू नका. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत. गॅसच्या सबसिडीवाले आणि सातबारावाले वाचक, तुमचा नंबर पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न (इंदिरानगरचे एक वाचक) : सर, हा माणूस नक्की कोण? आणि आपल्या "जेरीस आणणे" याचा आणि जेरीमँडरिंगचा काही संबंध आहे का? मित्र म्हणतो आहे, मी शंभर रुपयांची पैज लावलीय.

पैज तुम्ही "संबंध नाही"वर लावली असेल तर शंभर रुपये घ्या. शब्द कानाला इतका फिट्ट बसतो की मलाही मोह होतो, मतदाराला जेरीस आणतात म्हणून जेरीमँडरिंग, पण नाही. गंमत म्हणजे त्या माणसाचं आडनाव जेरी नव्हतंच, गेरी होतं, गवतातला ग. एल्ब्रिज गेरी. शब्द लोकांच्या तोंडी पडला तसा ग चा ज झाला, माणूस बाजूला पडला आणि शिवी उरली.

गेरी काही ऐरागैरा नव्हता. जन्म १७४४ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्बलहेड नावाच्या बंदरातला, घरचा धंदा सुक्या कॉड माशाचा, म्हणजे आपल्याकडे सुके बोंबील भरून पाठवणारे मोठे व्यापारी असतात तसा, फक्त माल जायचा पार स्पेन आणि वेस्ट इंडिजला. हार्वर्डला शिकला. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यातला एक हा. आणि १७८७ ला देशाची राज्यघटना तयार झाली तेव्हा शेवटपर्यंत सभेत बसून सही न करणारे जे तिघे होते त्यातलाही एक हाच! का तर त्यात नागरिकांच्या हक्कांची यादी नाही म्हणून. म्हणजे तत्त्वाचा माणूस, थोडा हेकट म्हणा. अशा माणसाचं नाव पुढं कशाला चिकटलं बघा.

प्रश्न (सातपूरच्या एक ताई, शिक्षिका) : तुम्ही गव्हर्नरची निवडणूक म्हणता, पण राज्यपाल तर नेमतात ना? मुलांना काय सांगू?

ताई, मुलांना सांगा की भाषांतरानं घोळ केलाय. आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात आणि रोजचा कारभार मुख्यमंत्री बघतात. तिकडे गव्हर्नर म्हणजे कामाच्या दृष्टीनं आपला मुख्यमंत्रीच, फक्त आमदारांनी निवडलेला नाही तर अख्ख्या राज्यातल्या मतदारांनी थेट निवडलेला. आपल्याकडे सर्वात जवळचं उदाहरण नगराध्यक्षाचं. सिन्नर, येवला, मनमाड असल्या गावात नगरसेवक प्रभागातून येतो आणि नगराध्यक्ष पूर्ण गावातून थेट येतो, तसं. हे उदाहरण डोक्यात ठेवा, पुढं सगळा खेळ यावरच आहे.

आणि मुलांना आवडेल अशी एक गोष्ट, मॅसॅच्युसेट्सला तेव्हा गव्हर्नरची निवडणूक दरवर्षी व्हायची. हो, दर वर्षी, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी. एक वर्ष झालं की परत उभं राहा. ही वार्षिक परीक्षा १९२० पर्यंत चालली, मग दोन वर्षांची मुदत झाली, आणि चार वर्षांची झाली ती १९६६ च्या निवडणुकीपासून.

गेरीनं या परीक्षा किती दिल्या बघा. १८००, १८०१, १८०२, १८०३, चारही वेळा उभा, चारही वेळा पडला, आणि चारही वेळा पाडणारा माणूस एकच, केलेब स्ट्राँग, फेडरलिस्ट पक्षाचा. गेरी डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन, म्हणजे जेफरसन आणि मॅडिसन या राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचा (आजच्या दोन पक्षांशी याची सांगड घालू नका, डोकं दुखेल). मग मधे काही वर्षं शांत बसला, १८१० ला परत उभा राहिला आणि निवडून आला, १८११ ला परत आला. आता खुर्ची मिळाली, विधिमंडळही आपल्या पक्षाचं, मग जे होतं ते झालं. आधी विरोधकांची माणसं सरकारी जागांवरून काढली, मग विरोधी पेपरांवर अब्रुनुकसानीचं हत्यार उपसलं आणि मग आला नकाशा.

प्रश्न (पंचवटीतला एक जण, "मी गणेश मंडळाचा कार्यकर्ता आहे, राजकारणाचा नाही") : नकाशा बदलून निकाल कसा बदलतो? लोकं तर तीच आणि मतं पण तीच. जरा आमच्या भाषेत सांगा.

तुमच्याच भाषेत सांगतो, मंडळ घेऊ. समजा तुमच्या मंडळात ९ बिल्डिंगा आहेत. ५ बिल्डिंगा ढोल-ताशावाल्यांच्या आणि ४ डीजेवाल्यांच्या, प्रत्येक बिल्डिंगीत घरं सारखीच. ठरलं की तीन-तीन बिल्डिंगींचा एक गट करायचा आणि प्रत्येक गटातून एक कार्यकारिणी सदस्य घ्यायचा. गट पाडायची वही डीजेवाल्यांच्या हातात आली. ते काय करतील, ढोलवाल्यांच्या ३ बिल्डिंगा उचलून एकाच गटात कोंबतील. तो गट ढोलवाल्यांना अगदी बिनविरोध, घ्या बाबांनो मजा करा. आता उरल्या ढोलवाल्यांच्या २ आणि डीजेवाल्यांच्या ४, त्याचे दोन गट, प्रत्येकात १ ढोल २ डीजे. दोन्ही गट डीजेचे. म्हणजे ९ पैकी ४ बिल्डिंगा असून कार्यकारिणीत ३ पैकी २ जागा त्यांच्या. कोणाचं मत चोरलं नाही, एकही बोगस मत नाही, नुसती वहीत रेघ मारली.

आता अध्यक्ष निवडायचा, तो मात्र सगळ्या ९ बिल्डिंगांनी मिळून. तिथे वही काय करणार? ५ विरुद्ध ४. ढोलवाला अध्यक्ष!

मॅसॅच्युसेट्सला १८१२ मध्ये हेच झालं. राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, ४० जागा, त्या मतदारसंघांमधून यायच्या आणि मतदारसंघ पूर्वापार जिल्ह्याच्या हद्दी धरून असायचे. गेरीच्या पक्षानं विधेयक आणून त्या हद्दी मोडल्या. सगळ्यात जास्त बोभाटा झाला एसेक्स जिल्ह्याचा. समुद्राकाठचा हा जिल्हा, त्याच्या कडेकडेनं गावं उचलत उचलत एक लांबडा, वाकडा मतदारसंघ काढला, सॉल्सबरीपासून सुरू, हॅव्हरहिल, अँडोव्हर करत खाली लिन आणि मार्बलहेडपर्यंत. मार्बलहेड म्हणजे साहेबांचं स्वतःचं जन्मगाव, ते पण त्यातच. ११ फेब्रुवारी १८१२ ला गेरीनं सही केली. त्याला स्वतःला हे विधेयक फारसं आवडलं नव्हतं असं त्याच्या बाजूचे लोक नंतर सांगत राहिले, असेलही, पण सही केली ना. घटनेवर न आवडलं म्हणून सही नाकारणारा माणूस इथं मात्र सही करून मोकळा झाला. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

२६ मार्चला बोस्टन गॅझेट पेपरनं त्या मतदारसंघाचा नकाशा छापला आणि त्याला चित्रकारानं पंख लावले, नख्या लावल्या, दात विचकणारं तोंड काढलं. कोणीतरी म्हणालं हा तर सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा एक प्राणी, दुसरं कोणी म्हणालं सॅलमँडर कसला, गेरीमँडर! नक्की कोण म्हणालं यावर तेव्हापासून दावे-प्रतिदावे आहेत, ते सोडा. ते चित्र मी मोबाईलवर घरात दाखवलं, वर काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं हे काय वाटतंय. आईनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली "कुरडईचा मोडलेला तुकडा, पण याला पाय कोणी काढले?" नातू म्हणाला ड्रॅगन. चित्राखाली त्या पेपरनं लिहिलंच होतं, राक्षसाची नवीन जात. ज्या लाकडी ठोकळ्यांवरून ते छापलं ते ठोकळे अजून वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेत.

प्रश्न (नाशिकरोडचे एक काका, प्रेसमधून रिटायर) : मग एवढं सगळं करून निकाल काय लागला? आकडे द्या, गोष्टी नकोत.

काका, घ्या आकडे. मतदान ६ एप्रिल १८१२, म्हणजे ते चित्र छापून आल्यावर अकरा दिवसांनी. सिनेटच्या ४० जागांसाठी राज्यभर मिळून फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं आणि गेरीच्या पक्षाला ५०,१६४. मतं कोणाला जास्त? फेडरलिस्टांना. जागा? गेरीच्या पक्षाला २९, फेडरलिस्टांना ११. परत एकदा वाचा, छपाईची चूक नाही. नकाशानं आपलं काम चोख केलं.

आणि त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच सभांमध्ये गव्हर्नरसाठी मतं दिली. तिथे मतदारसंघ नाही, राज्य हाच एक मतदारसंघ. एक लाखावर मतांमध्ये गेरी साधारण तेराशे-चौदाशे मतांनी पडला. पाडलं कोणी? परत केलेब स्ट्राँगनीच. तो तोपर्यंत राजकारण सोडून नॉर्दॅम्प्टनला घरी बसला होता, फेडरलिस्टांनी त्याला घरून उठवून आणला. पाचव्यांदा तोच माणूस. गेरीच्या नशिबात हा स्ट्राँग म्हणजे साडेसाती होती.

म्हणून कोणी मला म्हणालं की जेरीमँडरिंग फसलं म्हणून गेरी पडला तर मी म्हणतो नाही, उलट आहे, जेरीमँडरिंग एकदम पास झालं, पडला तो एकटा गेरी. रेघ मारून तुम्हाला तुकडे जिंकता येतात, अख्खं जिंकता येत नाही.

प्रश्न (तेच काका, दुसऱ्या मेसेजमध्ये) : आकडे कळले. पण लोकांनी मत दिलं ते काय एका कार्टूनमुळे? आपल्याकडे कार्टून बघून कोण मत बदलतं.

बरोबर पकडलंत. कार्टूननं हवा केली असेल, पण पोटावर पाय दुसऱ्याच गोष्टीनं आला होता. मॅसॅच्युसेट्स म्हणजे जहाजांचं राज्य, बंदरं, मासे, लाकूड, दर्यावर्दी. आणि गेरीच्या पक्षाचं केंद्रातलं सरकार इंग्लंडशी भांडण काढून व्यापार बंद करत सुटलेलं. १८०७ ला जेफरसननं निर्यातबंदी केली तेव्हा बंदरात जहाजं नुसती बांधून ठेवलेली होती, त्याचे चटके लोकं विसरले नव्हते. आणि १८१२ ला परत युद्धाचे ढग, मॅडिसननं ४ एप्रिलला परत नव्वद दिवसांच्या बंदीवर सही केली, मतदानाच्या दोनच दिवस आधी! त्या काळात दोन दिवसांत बातमी गावोगाव पोचणं शक्य नव्हतं हे खरं, पण असं काहीतरी येतंय याची कुणकुण व्यापाऱ्यांना आधीपासून होती.

हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायची गरज आहे का? लासलगावच्या मार्केटात ट्रॅक्टरची लाईन लागलीय, कांदा भरलाय, आणि सकाळी मोबाईलवर बातमी, निर्यात बंद. भाव कसा बसतो आणि त्यानंतर निवडणुकीत लोकं काय करतात हे आपण बघितलंय. तिकडं कांद्याच्या जागी कॉड मासा ठेवा. जूनमध्ये युद्ध खरंच जाहीर झालं, आणि स्ट्राँगनं गव्हर्नर झाल्यावर राज्याची शिबंदी केंद्राच्या हातात द्यायला नकार दिला, म्हणजे लोकांचा कौल कशावर होता ते समजा.

प्रश्न (गंगापूर रोड, कॉलेजची विद्यार्थिनी) : तेव्हा मत कसं द्यायचे? ईव्हीएम तर सोडाच, बॅलट पेपर तरी होता का? आणि बायकांना मत होतं का?

बायकांना नव्हतं, तो विषय एका ओळीत संपतो कारण तेव्हाच्या लोकांनीही तो एका ओळीतच संपवलेला. पुरुषांना सुद्धा सरसकट नव्हतं, वय २१ पूर्ण पाहिजे, आणि एकतर वर्षाला ३ पौंड उत्पन्न देणारी जमीन पाहिजे नाहीतर एकूण ६० पौंडांची मालमत्ता. (इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली तरी घटनेत हिशोब पौंडातच.) आणि गव्हर्नर व्हायला तर १००० पौंडांची जमीन लागायची आणि ख्रिश्चन असल्याचं सांगावं लागायचं. हे सगळं मॅसॅच्युसेट्सच्या स्वतःच्या १७८० च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं, जिचा मुख्य मसुदा जॉन ॲडम्सनं केला.

मतदान केंद्र वगैरे नाही, गावाची सभा भरायची, अगदी आपल्या ग्रामसभेसारखी, आणि गावाचे निवडलेले पंच तिथं बसलेले. आपण कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून त्यांच्याकडे द्यायचं. सरकारनं छापलेली मतपत्रिका हा प्रकार तिकडे आला १८८८ च्या कायद्यानं, म्हणजे या निवडणुकीनंतर शहात्तर वर्षांनी. सभेतच सगळ्यांसमोर मोजणी, नावं आणि आकडे वहीत, यादी सीलबंद करून राज्याच्या सेक्रेटरीकडे. आणि राज्य म्हणजे आजच्या नकाशात दिसतं तेवढं नाही, आजचं मेन राज्य तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं, ते १८२० ला वेगळं झालं. म्हणजे पार वरच्या जंगलातल्या गावांतून सीलबंद पाकिटं घोड्यावरून बोस्टनला.

मी शाळेत नोकरीला असताना केंद्राध्यक्षाची ड्युटी बऱ्याचदा केली. त्यात एकदा दिंडोरीकडच्या एका वाडीवर, लाईट गेलेली, मेणबत्तीवर लाख वितळवून सील करताना माझं बोट भाजलं, त्याचा डाग अजून आहे. ते सीलबंद पाकिटांचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा ते बोटच आठवलं.

अजून एक अट होती ती तुम्हाला अभ्यासाला उपयोगी पडेल. नुसतं सगळ्यात जास्त मतं मिळून चालायचं नाही, एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत, नाहीतर निवड विधिमंडळाकडे जायची. आता विचार करा, गेरीच्या पक्षानं सिनेट तर खिशात घातलेली होती. स्ट्राँग निम्म्याच्या थोडाच वर होता. तिसऱ्या कुणी उमेदवारानं दोन-तीन हजार मतं खाल्ली असती तर?

प्रश्न (सिडकोतले एक वाचक) : पुढे गेरीचं काय झालं? लोकांनी बाजूला टाकला असेल.

छे. राजकारणात असं कोणी बाजूला पडतं का? त्याच वर्षी मॅडिसननं त्याला उपराष्ट्रपतीपदासाठी सोबत घेतला आणि १८१३ च्या मार्चमध्ये गेरीसाहेब देशाचे उपराष्ट्रपती झाले. नगरपरिषदेत पडले आणि वर विधान परिषदेवर गेले, आपल्याला काय नवीन आहे. फार काळ मिळाला नाही मात्र, २३ नोव्हेंबर १८१४ ला वॉशिंग्टनमध्ये गेला, तिथंच पुरलाय. तो वाकडा मतदारसंघही टिकला नाही, फेडरलिस्टांनी सत्ता पूर्ण हातात आल्यावर तो कायदा काढून टाकला.

प्रश्न (नाव छापू नका म्हणणारे बरेच जण) : आपल्याकडे होतं का असं? आमची गल्ली तोडलीय.

नाव नाही छापत. कोणी मुद्दाम केलं का हे पुराव्याशिवाय मी लिहिणार नाही, तुम्हीही चौकात बोलू नका. पद्धत काय आहे तेवढं सांगतो. नाशिक महानगरपालिकेत जागा १२२, आणि २०१७ ला प्रभाग होते ३१, त्यातले २९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. प्रभाग पाडताना जनगणनेचे प्रगणक गट (जनगणनेला मोजणीसाठी पाडलेले वस्तीचे छोटे तुकडे) फोडायचे नसतात आणि हद्द शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता अशी ठळक धरायची असते. म्हणून तुमची गल्ली तोडलीय असं वाटलं तर आधी प्रगणक गटाची हद्द बघा, बऱ्याचदा ती रेघ तिथूनच आलेली असते, आणि ती तिथून आलेली नसेल तर मग तुमच्या हरकतीत दम आहे. प्रारूप रचना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांना ठराविक मुदत असते, ती पेपरातल्या जाहिरातीत असते, बारीक टायपात. नुसतं "अन्याय झाला" लिहू नका. नकाशाची झेरॉक्स काढा, लाल पेननं आत्ताची हद्द, निळ्या पेननं तुम्हाला हवी ती, आणि का, ते दोन ओळीत.

मी स्वतः नोकरीच्या गावी असताना अशी एक हरकत दिली होती, गाव सांगत नाही. आमच्या बिल्डिंगीचं गेट एका वॉर्डात आणि पाण्याची टाकी दुसऱ्या वॉर्डात. सुनावणीला अडीच तास बाकावर बसलो, आत गेल्यावर साहेबांनी नकाशा उलटा धरला होता, तो मी सरळ करून दिला, दोन मिनिटं बोललो, "ठीक आहे, नोंद घेतली" म्हणाले. टाकी काही आमच्या वॉर्डात आली नाही. पण हरकतीची पोच शिक्क्यासकट मिळाली होती. तेवढी मागून घ्या, देत नाहीत आपणहून.